लेखणी काठावर, डोळे पाण्यावर

१

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'तील झाडांविषयीचा उतारा मराठीच्या अभ्यासकाला सांगावा लागत नाही. रयतेने लेकरांसारखी वाढवलेली आंब्याफणसाची झाडे तिच्या राजीखुशीवाचून तोडू नयेत, या आशयाचा तो उतारा गद्यवेच्यांत येतो, भाषणांत येतो, अलीकडे पर्यावरणदिनीही येतो. तो कोणत्या प्रकरणातला आहे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो आरमाराच्या प्रकरणातला आहे. जहाजांना लाकूड लागते, ते कोठून आणि कसे आणावे, याचा विचार करताना अमात्य झाडांकडे वळतात. आपल्या संकलकांनी आणि समीक्षकांनी झाडे ठेवली आणि जहाज गाळले.

हे गाळणे अनवधानाचे नाही. मराठी समीक्षेच्या दृष्टीची ती घडणच आहे. समुद्र, समुद्रावरची लढाई आणि ती पाहून घरी कळवणारा माणूस या तिन्ही गोष्टी तिच्या कक्षेबाहेर राहिल्या आहेत. 'सैनिकाने घरी लिहिलेले पत्र' असा वाङ्मयप्रकार आपल्याकडे नाही, आणि त्या पत्राचा विषय आरमारी लढाई असेल तर तो आहे की नाही याची चौकशीही नाही. असे पत्र इतिहाससंशोधकाच्या हाती लागले, तर तो त्यातली तिथी, जहाजांची संख्या आणि मेलेल्यांची गणती टिपून घेतो आणि उरलेले फोलपट म्हणून सोडून देतो. समीक्षकाच्या हाती ते लागतच नाही. कारण 'ते साधन आहे, साहित्य नव्हे' हा निवाडा आधीच झालेला असतो. या निवाड्याविरुद्ध प्रस्तुत लेख आहे.

२

प्रस्तुत लेखक भिवंडीत मराठी शिकवतो. या गावाची आजची ओळख यंत्रमागांची आहे. पण मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ ज्या परिसरात झाला त्यांत ते आहे. ऑक्टोबर १६५७ मध्ये कल्याण आणि भिवंडी शिवाजी महाराजांच्या ताब्यात आली आणि खाडीचा रस्ता स्वराज्याला खुला झाला. लवकरच या खाड्यांवर लढाऊ गलबते बांधण्याचे काम सुरू झाले. रुय लैतांव व्हियेगस या पोर्तुगीज माणसाच्या देखरेखीखाली शेकडो कारागीर त्यावर राबत होते, आणि वसईच्या पोर्तुगीज कप्तानाने चिथावल्यावर ते काम टाकून निघून गेले. हा तपशील आपल्याला पोर्तुगीज कागदांतून कळतो. पांडुरंग पिसुर्लेकरांनी गोव्याच्या दप्तरखान्यात आयुष्य घालवून 'पोर्तुगेज-मराठे संबंध' सिद्ध केला नसता, तर आपल्याच खाडीतल्या ठोकाठोकीचा आवाज आपल्याला ऐकू आला नसता.

पुढचे उदाहरण खांदेरीचे. १६७९ च्या पावसाळ्यात मायनाक भंडारी यांनी मुंबईच्या तोंडाशी असलेले हे बेट ताब्यात घेऊन तटबंदी आरंभली. १९ सप्टेंबरला बेटावर उतरू पाहणारा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. १८ ऑक्टोबरला दौलतखानाच्या गलबतांनी इंग्रजांवर चाल केली. 'डव्ह' नावाचे गुराब मराठ्यांच्या हाती पडले आणि 'रिव्हेंज' या जहाजावरून कॅप्टन मिंचिन व केग्विन यांनी कशीबशी बाजू सांभाळली. पुढे १६८० च्या आरंभी इंग्रजांना तडजोड करावी लागली आणि खांदेरी मराठ्यांकडे राहिली. लढाई आपण जिंकली. पण तिच्यातला वारा, भरती, बिचकून मागे राहिलेली मचवे, तोफेचा पल्ला हे सारे आपण वाचतो ते इंग्रजांच्या पत्रव्यवहारात. सभासदाच्या बखरीत आरमार आहे. पण ते जहाजांच्या प्रकारांची नावे, सुभ्यांची मोजणी आणि दर्यासारंग व मायनाक भंडारी यांचे नामनिर्देश अशा रूपात. ती यादी भव्य आहे, परंतु यादीला डोळे नसतात.

तिसरे उदाहरण अधिक बोचरे आहे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गाखाली तुळाजी आंग्र्यांचे आरमार जळाले. पाण्यावरून वॉटसनचा काफिला भडिमार करीत होता आणि जमिनीवर पेशव्यांची फौज उभी होती. म्हणजे मराठी आरमार इंग्रजांच्या तोफांनी पेटत असताना ते पाहायला किनाऱ्यावर मराठी शिपाई होते. यापेक्षा दारुण प्रेक्षकत्व मराठी इतिहासात फारसे नसेल. या आगीचे जे वर्णन अभ्यासकाच्या हाताशी सहज येते ते मात्र वॉटसनच्या 'केंट' जहाजावरील शल्यवैद्य एडवर्ड आइव्ह्ज याचे. एका जहाजावर गोळा पडला, ते पेटले, त्याची आग एकमेकांना जखडलेल्या इतर जहाजांना लागली, हा क्रम त्याने दिला आणि १७७३ मध्ये तो लंडनमध्ये छापून निघाला. त्या रात्री रामाजी महादेवांच्या छावणीतल्या शिपायाला काय दिसले, आणि ते त्याने कोणाला, कोणत्या शब्दांत कळवले असेल, हा प्रश्न इतिहासकाराने विचारला नाही तर समजू शकते. समीक्षेने तो विचारू नये, हे समजण्यापलीकडचे आहे.

यावर ठरलेले उत्तर येते: कागदच नाहीत तर समीक्षक काय करणार? उत्तर सोयीचे आहे, पुरेसे नाही. जे कागद आहेत त्यांचे तरी आपण काय केले? १८९८ पासून राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने प्रसिद्ध केली. पारसनीस, खरे, सरदेसाई यांनी पत्रांचे डोंगर उभे केले. अस्सल पत्राचा एक चिटोरा बखरीच्या बाडाला भारी पडतो, असे राजवाड्यांचे म्हणणे होते आणि पुराव्याच्या दृष्टीने ते रास्तच होते. वाङ्मयेतिहासकारांनी त्याचा विपरीत अर्थ लावला. बखर खोटी ठरली म्हणून ती साहित्यात आली. पत्र खरे ठरले म्हणून ते साहित्याबाहेर गेले. खरेपणा हा साहित्यातून हकालपट्टीचा दाखला व्हावा, असा न्याय दुसऱ्या कोणत्या भाषेत चालत असेल?

पोर्तुगीजांकडे पाहावे. कामोंइश १५५३ मध्ये साधा शिपाई म्हणून गोव्यात आला. समुद्राचे महाकाव्य त्याने पुढे लिहिले, ते १५७२ चे. परंतु गोव्याहून त्याने मायदेशी धाडलेले एक पत्रही त्यांनी त्याच्या समग्र वाङ्मयात जपले आहे आणि त्याच्या गद्याची चर्चा केली आहे. कोणी म्हणेल, तो महाकवी म्हणून पत्र जपले गेले. मान्य. पण जपल्यावर ते साहित्य म्हणून वाचले गेले, 'साधन' म्हणून फायलीत बांधले गेले नाही, एवढाच येथे मुद्दा आहे.

३

खरी अडचण निराळी आहे आणि ती सांगताना आपल्या विद्वत्तेला संकोच वाटतो. मराठी आरमारावर वल्ही मारणारे, शिडे ओढणारे, तोफा डागणारे आणि शत्रूच्या जहाजावर उड्या घेणारे लोक कोण होते? भंडारी, कोळी, खारवी, गाबीत, कोकणी मुसलमान. आणि लेखणी कोणाच्या हाती होती? कारकुनाच्या, फडणिसाच्या, चिटणिसाच्या. ज्याने पाहिले त्याला लिहिता येत नव्हते आणि ज्याला लिहिता येत होते तो बहुधा काठावर होता. आरमारी लढाईचे मराठी पत्र म्हणजे जवळजवळ नेहमीच दोन माणसांचे पत्र: डोळे एकाचे, अक्षर दुसऱ्याचे. त्यातही वर गेलेला कागद जपला गेला. सरदाराने धन्याला केलेली विनंती दप्तरात राहिली. खलाशाने आईला धाडलेला निरोप दप्तराच्या कोणत्या रुमालात बांधणार?

अशा दुहेरी कर्तृत्वाच्या संहितेपुढे आपली समीक्षा गोंधळते. साहित्य म्हणजे एका व्यक्तीच्या अनुभवाचा तिनेच केलेला आविष्कार, ही कल्पना आपण इंग्रजी स्वच्छंदतावादातून उचलली आणि जणू ती ज्ञानेश्वरांपासूनच चालत आली आहे अशा थाटात वापरली. सौंदर्यवादी परंपरेने तिला अलौकिकतेची जोड दिली. पत्राला व्यावहारिक हेतू असतो, म्हणून ते कलाकृती नव्हे. आणि पत्र सांगून लिहिवलेले असेल तर त्यात 'आत्मनिष्ठ अनुभव' कोणाचा, असा दुहेरी आक्षेप तयार झाला.

हा आक्षेप मान्य करायचा तर मराठी गद्याचा पायाच उखडावा लागेल. 'लीळाचरित्र' कसे तयार झाले? म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासात आलेल्या माणसांकडे जाऊन, त्यांना विचारून, त्यांच्या तोंडच्या आठवणी टिपून. पाहणारे निराळे, सांगणारे निराळे, लिहिणारा निराळा. हेतूही कलेचा नव्हता. गुरूच्या लीळा स्मरणासाठी राखायच्या होत्या. एका माणसाच्या साक्षीला दुसऱ्याच्या अक्षराने दिलेला आधार, हे मराठी गद्याचे जन्मलक्षण आहे. तेराव्या शतकात ज्याचा आपण गौरव करतो, तेच अठराव्या आणि विसाव्या शतकातील शिपायाच्या पत्रात दिसले की ते आपल्याला 'साधन' वाटते. हा भेद वाङ्मयीन निकषांनी सिद्ध होत नाही. तो सामाजिक आहे.

गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' येथे प्रतिवाद म्हणून पुढे केला जाईल. १८५७ च्या धामधुमीत झाशीचा वेढा आतून पाहणाऱ्या या वरसईच्या भिक्षुकाची हकीकत आपण साहित्यात घेतली की! होय, घेतली आणि योग्यच केले. परंतु पाहणारा आणि लिहिणारा तेथे एकच होता आणि तो साक्षर वर्णातला होता. साक्षीदाराच्या हाती लेखणी असली की समीक्षेची हरकत विरघळते, हेच या उदाहरणाने दिसते. ज्याच्या हाती वल्हे होते त्याचे काय, हा प्रश्न तसाच उरतो.

४

हा प्रश्न अठराव्या शतकात संपला, असेही नाही. ३१ मे १९१५ रोजी मेसोपोटेमियातील कुर्ना येथे झालेली लढाई पाहावी. तैग्रिसच्या पुराने सारा मुलूख पाण्याखाली गेला होता. तुर्कांची ठाणी पाण्यातून वर आलेल्या टेकाडांवर होती. जनरल टाउनशेंडने पायदळ 'बेलम' नावाच्या अरुंद होड्यांत बसवले, काही होड्यांच्या तोंडाशी लोखंडी पत्रे लावले आणि पाठीमागून 'एस्पिएगल', 'क्लिओ', 'ओडिन' या युद्धनौका तोफांचा मारा करीत राहिल्या. हल्ल्याच्या सतराव्या ब्रिगेडमध्ये १०३ वी मराठा लाइट इन्फंट्री होती. कोरडवाहू रानात वाढलेल्या, पाणी म्हणजे विहीर आणि ओढा एवढेच ठाऊक असलेल्या कित्येक तरुणांना लग्गा धरून होडी रेटायला शिकावे लागले. बोरू आणि लव्हाळ्यांतून, डोक्यावरून जाणाऱ्या गोळ्यांखालून, तळ न दिसणाऱ्या पाण्यावरून ते लढाईत शिरले. इंग्रज अधिकाऱ्यांनी या प्रसंगाला 'टाउनशेंडची रेगाटा', म्हणजे होड्यांची शर्यत, असे विनोदी नाव दिले आणि इतिहासात तेच रूढ झाले. मराठीत या लढाईला नाव नाही. ज्या घटनेला भाषेत नाव नाही, तिचा अनुभव भाषेत नव्हता असे मानायचे, की तो आपण उचलला नाही असे?

त्या महायुद्धात हिंदी शिपायांचे टपाल तपासण्यासाठी १९१४ च्या अखेरीस फ्रान्समध्ये खास कचेरी उघडली गेली. तेथील अहवालांतून शिपायांच्या पत्रांचे इंग्रजी उतारे उरले. मूळ पत्रे बहुतांशी गेली. डेव्हिड ओमिसी यांनी १९९९ मध्ये त्यांतील निवडक उतारे ग्रंथरूपाने आणले. हे टपाल मुख्यतः फ्रान्स आणि इंग्लंडमधल्या शिपायांचे, त्यातही उत्तरेकडच्यांचे. तरीही आपल्या विषयासाठी ते उद्बोधक आहे. ही पत्रे अनेकदा दुसऱ्याकडून लिहवून घेतलेली असत. सांगणाऱ्याला ठाऊक असे की आपले पत्र आधी लिहिणारा ऐकेल, मग साहेब वाचेल आणि शेवटी गावातला कोणीतरी शाळामास्तर चावडीवर मोठ्याने वाचेल. म्हणून त्यांत आडवळणाची भाषा तयार झाली: काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. पानिपतच्या संहाराची वार्ता मोती, मोहरा आणि खुर्दा यांच्या सांकेतिक भाषेत कळवणाऱ्या व्यापारी चिठ्ठीची आख्यायिका आपण पिढ्यान्‌पिढ्या कौतुकाने सांगतो. तोच व्यापार शिपायाने केला की आपले कौतुक कोठे जाते?

अशा पत्राकडे संहिता म्हणून पाहिले तर काय दिसेल? बखरीच्या निवेदकाला शेवट ठाऊक असतो. जय कोणाचा झाला हे कळल्यावरच तो लिहायला बसतो आणि प्रत्येक घटना त्या शेवटाकडे वळवतो. पत्राच्या निवेदकाला शेवट ठाऊक नसतो. त्याचे पत्र पोचेपर्यंत तो जिवंत असेल की नाही, हेही त्याला ठाऊक नसते. समुद्रावर हे अज्ञान दुणावते. तेथे टेकडीवर उभे राहून रणांगण न्याहाळता येत नाही. धूर असतो, लाट आड येते, आवाज आधी पोचतो आणि त्याचे कारण मागाहून कळते; जे जहाज बुडाले ते आपले की परके, हे कित्येकदा दुसऱ्या दिवशी समजते. अर्धवट ज्ञानाच्या निवेदकावर आपण परकीय कादंबऱ्यांच्या संदर्भात प्रबंध लिहितो. तो निवेदक आपल्याच कोनाड्यात बसला आहे.

दुसरी गोष्ट, या पत्रांतला कथित पसारा. क्षेमकुशल, सावकाराचे व्याज, बैलाची विक्री, धाकट्याची शाळा आणि मधेच दोन ओळींत लढाई. इतिहाससंशोधक यातली लढाई उचलतो. रसिक समीक्षकाला हे सारेच ओबडधोबड वाटते. पण हीच या प्रकाराची रचना आहे. मरण पाहिलेला माणूस बैलाची चौकशी करतो तेव्हा तो विषय सोडून बोलत नसतो. आपण अजून घरचे आहोत, हे तो सिद्ध करीत असतो. त्या दोन ओळींचे वजन भोवतालच्या वीस ओळींनी तोललेले असते. त्या काढून टाकणे म्हणजे ओवीतली धृवपदे गाळून आशय छापणे होय. या पत्राचे दुसरे टोकही वाङ्मयातच आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांच्या प्रकल्पातून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. निरक्षर बाईच्या तोंडची ओवी दुसऱ्याने लिहून घेतली म्हणून तिचे कवित्व कमी झाले, असे आज कोणी म्हणत नाही. मग तिच्या निरक्षर मुलाच्या पत्राला तो नियम का लावायचा नाही?

५

आता देशीवादाविषयी. भालचंद्र नेमाडे यांच्या 'टीकास्वयंवर'ने (१९९०) आपल्या समीक्षेला परभृततेतून खडसावून जागे केले, हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु देशीपणाची चर्चा पुढे ज्यांनी चालवली त्यांनी तिला मातीच्या रूपकात जखडून टाकले. मूळ, माती, रान, शिवार ही त्यांची परिभाषा. जणू मराठी माणसाचे पाय कधी ओले झालेच नाहीत. कोकणचा खलाशी, दर्यावर्दी, गोदीतला कामगार, आगबोटीच्या भट्टीपुढे कोळसा लोटणारा लष्करी हे देशी नव्हेत काय? की समुद्र ओलांडला की देशीपणा खारट होतो? सिंधुबंदीचा निर्बंध धर्मशास्त्राने घातला होता. आधुनिक समीक्षेने तो न सांगता पाळला.

आणि या बंदीला लिपीचीही जोड आहे. भिवंडीपासून रत्नागिरीपर्यंतच्या कोकणी मुसलमानांत दर्यावर्दीपणाची जुनी परंपरा आहे. घरात कोकणी, बाजारात मराठी, शाळेत उर्दू, अशी त्यांची भाषिक घडण. त्यांच्यातल्या एखाद्या खलाशाने बोटीवरून घरी लिहिलेले पत्र उर्दू लिपीत असेल, तर मराठी विभाग म्हणेल, ते आमचे नव्हे; उर्दू विभाग म्हणेल, ही भाषा आमची नव्हे. मुंबईत मशीद बंदराजवळच्या इंडियन सेलर्स होममध्ये पहिल्या महायुद्धात बुडालेल्या आणि समुद्रावाचून दुसरी कबर नसलेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मारक आहे. कोकणातल्या कित्येक गावांत तसेच शिलालेख आहेत: या गावातून अमुक माणसे महायुद्धात गेली, त्यांपैकी अमुक परतली नाहीत. म्हणजे सरकारला संख्या जपावीशी वाटली. वाक्ये जपण्याचे काम ज्यांचे होते, ते काय करीत होते?

सांगून लिहवलेली पत्रे ही काही दूरची पुराणवस्तू नाही. भिवंडीच्या यंत्रमागांवर उत्तर प्रदेशातून आणि तेलंगणातून आलेल्या कामगारांनी मनीऑर्डरच्या कुपणावरील चार बोटे जागेत दुसऱ्याच्या अक्षरात आपला सारा संसार कळवला आहे. या संक्षेपाची शैली काय होती, सांगणाऱ्याचे किती आणि लिहिणाऱ्याचे किती, याचा अभ्यास करणारे शेवटचे लोक अजून हयात आहेत. मनीऑर्डर गेली, आंतर्देशीय पत्र गेल्यासारखेच आहे. अजून दहावीस वर्षांनी विचारायला कोणी उरणार नाही.

म्हणून मागणी साधी आहे. पदव्युत्तर अभ्यासक्रमात बखरीशेजारी पत्र हा स्वतंत्र वाङ्मयप्रकार म्हणून यावा आणि त्यात लिहविलेल्या पत्राला मानाची जागा असावी. पत्राच्या संपादनात सांगणारा, लिहिणारा आणि वाचून दाखवणारा या तिघांचीही दखल घेतली जावी. कोकणातल्या आणि देशावरच्या घरांतून, ट्रंकांच्या तळाशी, देवघराच्या फळीवर बसरा, एडन, सिंगापूर येथून आलेली जी पत्रे असतील ती लिपीचा सोवळेपणा न करता गोळा व्हावीत. इतिहास विभागांनी हे केले तर ते तिथ्या काढतील. मराठी विभागांनी केले तर एक आवाज सापडेल. आणि 'आज्ञापत्रा'तला तो उतारा यापुढे वर्गात वाचायचा असेल, तर त्याच्या आधीचे आरमारही वाचावे. ती झाडे जहाजांसाठी होती आणि त्या जहाजांवर माणसे होती.